न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट या बंदराच्या गावी दर उन्हाळ्यात, जुलैच्या अखेरीस, शुक्रवार ते रविवार उघड्यावर भरणारा लोकसंगीत आणि ब्लूजचा (अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा) मेळा. पहिला मेळा ११ व १२ जुलै १९५९ रोजी फ्रीबॉडी पार्क या मैदानावर झाला. १९८५ पासून तो नॅरागॅन्सेट उपसागराच्या काठावरील फोर्ट ॲडम्स या एकोणिसाव्या शतकातील सागरी किल्ल्याच्या आवारात भरतो. रोज सुमारे १०,००० श्रोत्यांनाच प्रवेश असतो. १९६५ साली, तोवर साध्या गिटारीवर लोकगीते गाणारे म्हणून ओळखले जाणारे बॉब डिलन यांनी येथे इलेक्ट्रिक गिटार वाजवल्याच्या प्रसंगामुळे मेळ्याचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र खेड्यापाड्यांतील वृद्ध ब्लूज गायकांना हजारो श्रोत्यांसमोर आणणे आणि त्यांना लहान व्यासपीठांवर जवळून ऐकण्याची सोय करणे, हे या मेळ्याचे त्याहून मोठे काम आहे.

स्थापना आणि पन्नास डॉलरचा नियम

न्यूपोर्टमध्ये १९५४ पासून जॅझ महोत्सव भरवणारे जॉर्ज वीन यांनी लोकसंगीताचा वेगळा मेळा सुरू केला. पीट सीगर, थिओडोर बिकेल, ऑस्कर ब्रँड हे गायक आणि कलावंतांचे व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन हे त्यांचे सुरुवातीचे साथीदार. पहिल्याच वर्षी बॉब गिब्सन यांनी अठरा वर्षांच्या जोन बाएझला पाहुणी म्हणून मंचावर बोलावले आणि त्या दोन-चार गाण्यांनी तिचे नाव देशभर झाले. १९६० साली जॅझ महोत्सवाच्या वेळी गावात दंगल झाली. त्यानंतर १९६१ आणि १९६२ मध्ये लोकसंगीताचा मेळा भरला नाही.

१९६३ मध्ये तो ना-नफा संस्थेच्या रूपात पुन्हा उभा राहिला. संस्थेच्या सात संचालकांमध्ये सीगर, बिकेल, जीन रिची, पीटर यॅरो अशी गाणारी माणसेच होती. नियम असा ठरला की नामांकित असो वा अनोळखी, प्रत्येक कलावंताला मानधन ५० डॉलर. प्रवास, राहणे आणि जेवण संस्थेकडे. ज्यांच्या नावावर तिकिटे खपत त्यांनीही तेवढेच घ्यायचे. उरलेल्या पैशातून लोकसंगीताच्या शोधासाठी आणि जतनासाठी अनुदाने दिली जात. लुइझियाना राज्यातील केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच भाषिकांच्या, संगीताचे उदाहरण बोलके आहे. संस्थेचे क्षेत्रकार्यकर्ते राल्फ रिन्झलर यांच्या खटपटीतून १९६४ साली ड्युई बाल्फा आणि त्यांचे साथीदार न्यूपोर्टला आले. गावात ज्या संगीताला लोक मागासलेले समजून नाक मुरडत, त्याला मिळालेली टाळी बाल्फा घरी घेऊन गेले आणि पुढे केजन संगीताच्या पुनरुज्जीवनाचे अग्रणी ठरले.

ब्लूजचे परतलेले गायक

१९२०–३० च्या दशकांत मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांवर गायलेले बरेचसे ब्लूज गायक आर्थिक मंदीच्या काळात विस्मृतीत गेले होते. तबकड्या जमवणारे तरुण साठच्या दशकात त्यांच्या शोधात दक्षिणेत फिरू लागले. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ साली ध्वनिमुद्रित केलेल्या एका गाण्यात आपल्या ॲव्हलॉन गावाचे नाव घेतले होते. तेवढ्या धाग्यावरून १९६३ साली त्यांचा पत्ता लागला आणि त्याच जुलैत ते न्यूपोर्टला गायले. स्किप जेम्स जून १९६४ मध्ये मिसिसिपीतील ट्युनिका येथील रुग्णालयात सापडले आणि पुढच्याच महिन्यात मंचावर बसले. सन हाउस यांचा ठिकाणा दक्षिणेत नव्हे, तर न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात लागला. त्यांनी गिटार कधीच सोडून दिली होती. ॲलन विल्सन या तरुण वादकाने त्यांच्याच जुन्या मुद्रणांवरून त्यांची गाणी त्यांना पुन्हा बसवून दिली. १९६५ साली ते न्यूपोर्टला गायले. फ्रेड मॅकडॉवेल आणि मडी वॉटर्स १९६४ मध्ये आले, हाउलिन वुल्फ १९६६ मध्ये. १९६६ सालीच लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी न्यूपोर्टमध्ये दक्षिणेतल्या दारूच्या गुत्त्यासारखी खोली उभारून वुल्फ, सन हाउस, स्किप जेम्स आणि बुका व्हाइट यांचे चित्रीकरण केले.

या गायकांना मोठा मंच सोयीचा नव्हता. हर्ट यांचा आवाज घराच्या ओसरीवर बोलावे इतका हळू. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि दोन बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात. हे सारे दूरवर पोहोचवायचे तर माइक वाढवावा लागतो, आणि माइक वाढवला की वारा, खुर्चीची करकर, शेजारच्या मंचावरचा बॅंजो, सगळेच वाढते. म्हणून दुपारची ‘वर्कशॉप’ महत्त्वाची ठरली.

वर्कशॉप

नाव वर्कशॉप असले तरी हा शिकवणीचा वर्ग नसतो. मैदानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत लहान चौथरे, प्रत्येकावर एक विषय: ब्लूज गिटार, बॅंजो, बॅलड (गोष्ट सांगणारे गीत), फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन). चार ते सहा वादक ओळीत खुर्च्यांवर बसतात, एकजण सूत्रधार असतो. प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक गाणे म्हणायचे, तार कशी लावली ते सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे किंवा सोबत धरायची. प्रत्येक वादकाला गळ्यासाठी एक आणि वाद्यासाठी एक असे दोन माइक, म्हणजे सहाजणांना बारा. सगळे एकदम उघडे ठेवले तर आवाज गढूळ होतो आणि स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी लवकर वाजते. म्हणून ज्याची पाळी त्याचे दोनच पूर्ण वर ठेवायचे आणि बाकीचे अर्ध्यावर आणायचे. पूर्ण बंद केले तर मध्येच कोणी दाद म्हणून दोन स्वर वाजवतो, ते हरवतात.

ही मांडणी बिघडते ती गर्दीमुळे. १९६४–६५ मध्ये डिलन ज्या कोपऱ्यात असतील तिकडे सारे मैदान लोटे. मागच्यांना ऐकू जावे म्हणून तिथले स्पीकर वाढवावे लागत आणि शेजारच्या चौथऱ्यावरचा म्हातारा फिडलवाला त्यात बुडून जाई.

२५ जुलै १९६५

इलेक्ट्रिक वाद्ये त्या रविवारी न्यूपोर्टला पहिल्यांदा आली, ही समजूत चुकीची आहे. त्याच मेळ्यात पॉल बटरफिल्ड यांचा शिकागोचा ब्लूज वाद्यवृंद आणि चेंबर्स ब्रदर्स विजेवरच वाजले होते. बटरफिल्ड यांच्या वृंदाची लोमॅक्स यांनी केलेली तुच्छतादर्शक ओळख ऐकून डिलन यांचे व्यवस्थापक ग्रॉसमन आणि लोमॅक्स हातघाईवर आले. रविवारी रात्री डिलन यांनी त्याच वृंदातील माइक ब्लूमफिल्ड, सॅम ले आणि जेरोम अर्नोल्ड, शिवाय अल कूपर आणि बॅरी गोल्डबर्ग यांना घेऊन तीन गाणी वाजवली. आदल्या रात्री केलेली तालीम एवढीच तयारी. हुर्यो झाली, टाळ्याही झाल्या. यॅरो यांच्या विनवणीनंतर ते साधी गिटार घेऊन परतले आणि आणखी दोन गाणी गायले.

हुर्यो कशाबद्दल होती यावर आजही वाद आहे. विजेच्या गिटारीचा राग, फक्त तीन गाण्यांत आटोपल्याचा राग आणि शब्द ऐकू न आल्याचा राग, ही तीनही कारणे उपस्थितांनी सांगितली आहेत. यातले तिसरे कारण ध्वनियोजनेच्या दृष्टीने अगदी पटणारे आहे. एका माणसाच्या गळ्यासाठी आणि गिटारीसाठी बेतलेल्या यंत्रणेवर ड्रम आणि मोठे ॲम्प्लिफायर आले, की मंचावरूनच थेट येणारा वाद्यांचा आवाज गळ्याला झाकतो. गळा वाढवावा तर स्पीकर फाटतात. सीगर यांनी पुढे सांगितले की आपला राग विजेवर नव्हता, शब्द कळत नव्हते यावर होता. कुऱ्हाड असती तर केबल तोडली असती, असे ते तेव्हा म्हणाले होते. त्यावरूनच त्यांनी खरोखर कुऱ्हाड उगारल्याची दंतकथा पसरली.

उघड्यावरचा आवाज

सभागृहात भिंती आवाज परत देतात. मैदानात ती मदत नसते. एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. पुढच्या रांगेचे कान न फोडता मागे पोहोचायचे तर मैदानाच्या मध्यावर दुसरे स्पीकर लागतात. त्यांना विलंब द्यावा लागतो, म्हणजे मंचावरचा आवाज तिथवर पोहोचेपर्यंत त्यांचा आवाज रोखून धरावा लागतो. ३० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, म्हणजे ६० मीटरसाठी १७२ मिलिसेकंद. त्यात आणखी १० ते १५ मिलिसेकंद मिळवले की कान मंचाकडूनच आवाज आल्याचे मानतो. विलंब दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि बॅलडची गोष्टच कळेनाशी होते.

ऊन चढले की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा तापते आणि आवाज वर वळतो. सकाळच्या साउंडचेकला (आवाजाच्या चाचणीला) मागे छान पोहोचलेले गाणे दुपारी दोनला विरते ते यामुळे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला बसलेल्यांनाही कमी ऐकू येते. पाण्यावर उलटे घडते: थंड पाण्यालगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे आवाज खाली वळून दूर जातो. उपसागरात नांगर टाकलेल्या बोटींवर बसून लोक फुकट गाणे ऐकतात, ते भौतिकशास्त्राच्या कृपेने चांगलेच ऐकू येते.

साध्या गिटारीची मोठी अडचण म्हणजे फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा वाद्यात किंवा माइकमध्ये शिरणे. तिची पोकळ पेटी साधारण ९० ते १२० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. मॉनिटरमधून, म्हणजे वादकाला स्वतःचे ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून, तोच स्वर परत आला की गुरगुर सुरू होते. यावर तीन उपाय: ध्वनिछिद्रावर रबरी झाकण, मिक्सरवर तेवढाच स्वरपट्टा खाली घेणे, आणि माइक छिद्रासमोर न धरता दांडी पेटीला मिळते तिथे १५–२० सेंटीमीटरवर ठेवणे. ब्लूज हार्मोनिका वाजवणारे उलट मुद्दाम आवाज फाडतात. जुन्या धाटणीचा गोल माइक बाजासकट दोन्ही तळव्यांत बंद करून तो व्हॉल्व्हच्या लहान ॲम्प्लिफायरला जोडतात. त्यांना मॉनिटर जवळ दिला तर शिट्टी ठरलेली.

सूर टिकवणे हे वेगळेच काम. उन्हात पोलादी तारा प्रसरण पावतात, ताण कमी होतो आणि सूर उतरतो. दमट हवेत लाकूड फुगते आणि सूर चढू पाहतो. किनाऱ्यावर दोन्ही एकदम घडते, म्हणून सकाळी लावलेल्या वाद्यावर भरवसा ठेवता येत नाही. कातड्याचा बॅंजो तर पावसाळ्यातल्या ढोलकीसारखा सैलावतो. आज बहुतेकजण प्लास्टिकचा पडदा वापरतात. वाद्य पाळीच्या अर्धा तास आधी पेटीतून काढून सावलीत, पण बाहेरच्याच हवेत ठेवावे आणि मंचावर जाताना पुन्हा लावावे. बंद मोटारीत गिटार ठेवणे सर्वांत वाईट: आतले तापमान ६० अंशांकडे गेले की सरस मऊ पडतो आणि घोडी (तारांचा पेटीवरचा आधार) उचलली जाते.

फोर्ट ॲडम्सवरील मेळा

१९६९ नंतर मेळा बंद पडला. १९७१ साली जॅझ महोत्सवात कुंपण मोडून जमाव घुसल्यावर दोन्ही महोत्सवांना गावाची दारे मिटली. फोर्ट ॲडम्सवर पुन्हा सुरुवात झाल्यापासून गर्दीची मर्यादा पाळली जाते. गाणे दिवसा असते आणि संध्याकाळी आटोपते. तीन मुख्य मंच आहेत: हिरवळीवरचा फोर्ट, किल्ल्याच्या तटांमधला क्वाड आणि पाण्याकडचा हार्बर. क्वाडला दगडी तटांमुळे आवाज परत येतो, म्हणून तिथे जरा हळू वाजवलेले अधिक उठून दिसते. कलावंतांची नावे जाहीर होण्याआधीच तिकिटे संपतात. हिरवळीवर सावली जवळपास नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि बुटकी खुर्ची आणावी, उंच खुर्ची मागच्यांना आड येते. गावातले रस्ते अरुंद असल्याने सायकल किंवा बोट हा येण्याचा शहाणा मार्ग.

२०११ पासून हा मेळा पुन्हा ना-नफा संस्थेकडे आहे. २०२० साली महामारीमुळे तो झाला नाही. २४ जुलै २०२२ रोजी गायिका जोनी मिचेल १९६९ नंतर प्रथमच येथे गायल्या. ब्रँडी कार्लाइल आणि इतर गायक-वादक त्यांच्याभोवती गोलाकार बसले होते, जुन्या वर्कशॉपसारखेच. २०१५ मधील मेंदूच्या रक्तस्रावानंतर मिचेल यांची बोटे गिटार विसरली होती. आपल्याच जुन्या चित्रफितींत बोटे कुठे पडतात ते पाहून त्या पुन्हा शिकल्या आणि त्या दुपारी त्यांनी उभे राहून इलेक्ट्रिक गिटारवर एक पूर्ण रचना वाजवली.