रात्री जहाज, दिवसा बेट: लक्षद्वीपच्या सहलींमागचा इतिहास

दिवाळी आणि नाताळच्या सुट्या जवळ आल्या की नागपुरात बर्डी आणि धरमपेठेतल्या ट्रॅव्हल एजन्सींकडे अंदमानच्या जोडीने आता लक्षद्वीपचीही चौकशी होते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आल्यावर ती आणखी वाढली. नागपूरहून जायचे सोयीचे रस्ते दोन. विदर्भ किंवा दुरांतोने मुंबई गाठायची आणि सीएसएमटीच्या जवळच असलेल्या बॅलार्ड पिअरवरून क्रूझ पकडायची. नाहीतर केरळ एक्स्प्रेसने एर्नाकुलमला उतरून कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाच्या जहाजात बसायचं. पण कार्यक्रम हातात पडला की कपाळाला आठ्या पडतातच. एवढ्या लांब जायचं, आणि बेटावर फक्त दिवसभर? रात्री परत बोटीवर? "एवढ्यात काय पाहणं होते भाऊ?"

प्रश्न रास्त आहे. रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा बेटावर उतरायचं, ही पद्धत दोन समुद्रांत दोन अगदी वेगळ्या कारणांनी रुजली, आणि ती कारणं ठाऊक असली तर तिकीट काढताना नेमकं काय निवडावं हे कळतं.

हौसेखातर जलप्रवास ही कल्पना जर्मन जहाज कंपनीचे संचालक आल्बर्ट बालिन यांनी खऱ्या अर्थाने धंद्यात उतरवली. हिवाळ्यात अटलांटिक खवळलेला असे, अमेरिकेला जाणारे प्रवासी मिळत नसत आणि जहाजं रिकामी उभी राहत. म्हणून जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीला काढलं. ती चालली, तेव्हा १९०० साली फक्त सहलींसाठी बांधलेलं 'प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुइझ' पाण्यात उतरवलं. उष्ण कटिबंधातल्या बेटांचं आकर्षण तेव्हापासूनचं. हे जहाज डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावर खडकांत अडकून गेलं.

खरी उलथापालथ झाली ती विमानामुळे. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि आठवड्याभराचा प्रवास काही तासांवर आला. मोठमोठी प्रवासी जहाजं बेकार झाली. १९६६ मध्ये टेड अॅरिसन आणि नॉर्वेचे क्नुट क्लोस्टर यांनी 'सनवर्ड' हे जहाज अमेरिकेतल्या मायामीहून शेजारच्या बहामाज बेटांकडे नियमित सोडायला सुरुवात केली. तिथून आजचा क्रूझ धंदा उभा राहिला. त्याचं गणित सोपं होतं: खोली, जेवण, करमणूक सगळं जहाजावर, बेट म्हणजे मधला थांबा. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की प्रवासी बेटावर उतरला की त्याचा पैसा तिथल्या दुकानदाराकडे आणि टॅक्सीवाल्याकडे जातो. मग बेटच आपल्याकडे का नसावं? १९७७ मध्ये क्लोस्टर यांच्या 'नॉर्वेजियन कॅरिबियन लाइन' कंपनीने बहामाजमधलं ग्रेट स्टिरप के हे चिमुकलं बेट आपल्या प्रवाशांसाठी ताब्यात घेतलं. शेजारचं लिटल स्टिरप के 'रॉयल कॅरिबियन' या दुसऱ्या क्रूझ कंपनीने घेतलं आणि त्याचं नाव 'कोकोके' ठेवलं. छत्री, खुर्ची, सरबत, सगळं कंपनीचं. बेटावर राहणारं गाव असं काही उरलंच नाही.

इथे एक योगायोग सांगायलाच हवा. मायामीहून तीन-चार रात्रींच्या बहामाज फेऱ्यांसाठी रॉयल कॅरिबियनने १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' हे जहाज खास बांधून घेतलं. नावं आणि मालक बदलत ते २०२० च्या अखेरीस भारतीय मालकीत आलं, आणि सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया क्रूझेस'चं 'एम्प्रेस' म्हणून मुंबईहून धावू लागलं. गोवा आणि लक्षद्वीप हे त्याचे सुरुवातीपासूनचे मार्ग. म्हणजे नागपूरचं एखादं कुटुंब मुंबईत ज्या डेकवर उभं राहून हात हलवतं, तो डेक मुळात बहामाजच्या खासगी बेटांच्या वाऱ्या करण्यासाठी बनलेला आहे.

लक्षद्वीपची गोष्ट मात्र फार निराळी. ही बेटं ३६, त्यांतली १० वस्तीची. सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. एकट्या नागपूर महापालिकेची हद्द दोनशे चौरस किलोमीटरहून मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत इथे ६४,४७३ लोक होते, म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे दोन हजार. शतकानुशतकं बेटवाले शिडाच्या 'ओडम' होड्यांत काथ्या आणि खोबरं भरून मंगळूर-कालिकतला जात आणि तांदूळ घेऊन परतत. काथ्याच्या व्यापारावर कण्णूरच्या अरक्कल राजघराण्याची मक्तेदारी होती. उत्तरेकडची अमिनदिवी बेटं १७८० च्या दशकात टिपू सुलतानाकडे आणि १७९९ नंतर इंग्रजांकडे गेली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. १ नोव्हेंबर १९५६ ला केंद्रशासित प्रदेश झाला, १९६४ मध्ये राजधानी कोझिकोडहून (म्हणजे कालिकतहून) कवरत्तीला आली, आणि १९७३ मध्ये 'लक्षद्वीप' हे नाव मिळालं.

१९६७ च्या नियमांनी बाहेरच्या माणसाला प्रवेश आणि वास्तव्यासाठी परवाना सक्तीचा केला. बेटांवरचे बहुसंख्य लोक अनुसूचित जमातीचे आहेत आणि त्यांची जमीन, त्यांचं जगणं सुरक्षित राहावं हा त्यामागचा हेतू. भारतीय नागरिकालाही परमिट लागतं, याचं नागपुरात अनेकांना नवल वाटतं. मला यात वावगं काही दिसत नाही.

परवान्याहूनही मोठी अडचण पाण्याची. पेंच आणि कन्हानच्या पाण्यावर पोसलेल्या आपल्या शहराला ती सहज उमजत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. लक्षद्वीपच्या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. बेट म्हणजे प्रवाळाची वाळू, समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर वर. पाऊस या वाळूतून झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, दुधावरच्या सायीसारखा, तरंगत राहतो. गोडं पाणी हलकं असतं म्हणून. विहिरी उथळ. मोटार लावून भराभर उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. शौचालयाचा शोषखड्डा त्याच वाळूत असल्याने घाणही त्याच थरात उतरते. २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्तीला वेगळ्या पद्धतीचा प्रकल्प उभारला: समुद्राच्या पृष्ठभागाचं कोमट पाणी हवेचा दाब कमी करून उकळवायचं आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलवरून ओढलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करायची. दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी. ऐकायला भरपूर वाटतं. पण कवरत्तीच्या अकरा हजारांवर लोकांत वाटलं तर माणशी नऊ लिटरच्या आसपास. हॉटेलातला एक पाहुणा एका आंघोळीत त्याहून जास्त वापरतो. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले.

१९८२ मध्ये प्रशासनाने पर्यटनासाठी 'स्पोर्ट्स' ही संस्था काढली, आणि तिच्या 'समुद्रम' सहलीत हाच विचार दिसतो. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय, दिवसा एकेक बेट आणि रात्री मुक्काम जहाजावर. २००८ मध्ये सेवेत आलेलं सातशे प्रवाशांचं 'एम. व्ही. कवरत्ती' या फेऱ्या करत आलं आहे. पाहुण्यांच्या झोपण्या-आंघोळीचा भार बेटाच्या विहिरीवर पडत नाही. दुपारचं जेवण, नारळपाणी, मार्गदर्शक, होड्या हे मात्र बेटावरचं, आणि त्याचा पैसाही बेटावर राहतो. बहामाजमध्ये कंपनीने पैसा बेटवाल्याच्या हाती जाऊ नये म्हणून जे केलं, ते इथे बेटवाल्याचं पाणी वाचावं म्हणून झालं.

उतरण्याची तऱ्हाही बेटानेच ठरवलेली. लगून म्हणजे बेटालगत प्रवाळाच्या भिंतीने अडवलेलं समुद्राचं पाणी; ते उथळ, त्यामुळे मोठं जहाज बाहेरच थांबतं. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतं, खाली छोटी बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. दारातला खलाशी तुमचं मनगट नाही, कोपराखालचा हात पकडतो, बोट लाटेवर पूर्ण वर आली की "अब!" म्हणतो आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं. बोट खाली जात असताना टाकलेलं पाऊल हवेत पडतं. साडीतल्या आजीबाईही हे नीट करतात, फक्त खलाशाचं ऐकायचं. समुद्र फार चढला तर उतरणं रद्द होतं, आणि त्यावर कोणाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. कल्पेनीच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा लांबलचक बांध आहे. १८४७ च्या भीषण वादळाने तो एका फटक्यात रचला. तो पाहिला की खलाशाचा सावधपणा पटतो.

आता चित्र बदलतं आहे. जानेवारी २०२३ मध्ये टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने निर्जन सुहेली आणि वस्तीच्या कदमतवर प्रत्येकी ११० खोल्यांची रिसॉर्ट जाहीर केली. रोजगार येईल, हे खरं, आणि बेटावरच्या तरुणांना तो हवाही आहे. पण खोल्या किती यापेक्षा त्यांचं पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. कदमतची विहीर खारी झाली तर ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतील. त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत कोचीच्या जहाजाची दिवसा बेट, रात्री बोट हीच पद्धत मला तिथल्या लोकांसाठी न्याय्य वाटते, आणि नागपूरहून निघणाऱ्यांनी तीच निवडावी असा माझा आग्रह आहे.