परिचारिकांचा गणवेश व वेशसंहिता (बेळगाव सीमाभाग)

रुग्णालयातील परिचारिका, परिचारक आणि नर्सिंगचे विद्यार्थी यांनी कामावर असताना कोणता पोशाख घालावा, तसेच दागिने, केस, नखे व पादत्राणे यांबाबत काय पाळावे, हे ठरवणाऱ्या नियमांना गणवेश व वेशसंहिता म्हणतात. रुग्णापासून रुग्णाला होणारा संसर्ग रोखणे आणि समोरची व्यक्ती कोण हे रुग्णाला कळणे, हे या नियमांचे दोन मूळ हेतू होत. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या मराठी-कन्नड पट्ट्यात दुसऱ्या हेतूला विशेष महत्त्व येते.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने प्रशिक्षणशाळा सुरू झाली आणि शिस्तबद्ध गणवेशातील प्रशिक्षित परिचारिका ही कल्पना तिथून जगभर रुजली. सीमाभागाच्या शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले मिशन रुग्णालय हे या परिसरातील नर्सिंग शिक्षणाचे जुने केंद्र होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तरी रुग्णांची ये-जा सीमा ओलांडून चालूच राहिली. आजही महाराष्ट्रातील चंदगडकडचे रुग्ण बेळगावच्या सिव्हिलमध्ये किंवा के. एल. ई. संस्थेच्या रुग्णालयात येतात, तर अथणी-कागवाडकडचे मिरज गाठतात. परिचारिकांची नोंदणी राज्य परिषदेकडे आणि अभ्यासक्रमाचे नियमन भारतीय परिचर्या परिषदेकडे असते. गणवेशाचा रंग, कापड आणि शिवण हे तपशील मात्र बहुतेक ठिकाणी शासनाचा आरोग्य विभाग किंवा खाजगी रुग्णालयाचे व्यवस्थापन ठरवते.

पांढरी साडी आणि डोक्यावर कांजी केलेली टोपी हा वेश जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. तो मागे पडला याची कारणे कामातच आहेत. वाकले की साडीचा पदर खाटेला आणि जखमेच्या पट्टीला लागतो. रुग्णाची छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याची वेळ आली तर निऱ्या सावरत खाटेवर चढता येत नाही. आणि सलाइनच्या नळीत अडकणारी टोपी रोज धुतली जात नाही. म्हणून सलवार-कमीज, कोट आणि पुढे अर्ध्या बाह्यांचा सदरा व पँट असा पोशाख आला. शस्त्रक्रियागृहात पांढऱ्याऐवजी हिरवा वा निळा रंग आला तो तीव्र प्रकाशात डोळे दिपू नयेत आणि लाल रंगाकडे सतत पाहून नजरेला येणारा थकवा कमी व्हावा म्हणून.

वेशसंहितेतील सर्वांत नाजूक कलम बांगड्यांचे. हात स्वच्छ करताना तळवा, बोटांच्या बेचक्या आणि मनगट या सर्वांवर द्रव पोहोचला पाहिजे, आणि अंगठी व बांगडीखालच्या त्वचेवर जंतू टिकून राहतात. म्हणून ब्रिटनमध्ये कोपराखाली बाही, घड्याळ वा साध्या अंगठीखेरीज दागिना नको असा दंडक आहे. इकडे मात्र लग्न झालेल्या मुलीचे मनगट रिकामे असू नये ही भावना घरोघर असते, आणि हिरव्या चुड्याची नवी नवरी ड्यूटीवर आली की प्रश्न लगेच उभा राहतो. व्यवहारात तोड अशी निघते की बांगड्या कपडे बदलण्याच्या खोलीत उतरवून पाकिटात ठेवायच्या, मंगळसूत्र आखूड करून सदऱ्याच्या आत पिनेने अडकवायचे आणि नाडी मोजायचे घड्याळ छातीवर उलटे लावायचे. ‘दागिने घालू नयेत’ एवढीच सूचना भिंतीवर डकवणे म्हणूनच अपुरे आहे. कारण समजावून सांगितले आणि कुलूप लागणारे कपाट दिले, तर हा नियम सासूबाईंनाही पटवून देता येतो. याउलट वेणी किती लांब असावी, ओढणी कशी घ्यावी, कपाळावर काय असावे अशी कलमे जेव्हा संसर्गाशी संबंध नसताना केवळ शालीनतेच्या नावाखाली घातली जातात, तेव्हा उरलेल्या योग्य नियमांचेही वजन कमी होते.

धुलाईचा प्रश्न त्याहून कमी चर्चिला जातो. ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १० मिनिटे धुतल्यास बहुतेक जंतू नाहीसे होतात, असे ब्रिटनच्या आरोग्य खात्याचे मार्गदर्शन सांगते. घरच्या बादलीतल्या थंड पाण्यात ते साधत नाही. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की व्हरांड्यातल्या दोरीवर टाकलेला जाड सदरा दिवसेंदिवस दमट राहतो, इस्त्री फिरवली तरी शिवणी ओल्याच असतात आणि दुसरा जोड नसेल तर तोच अंगावर चढवून बस गाठावी लागते. त्यामुळे या भागात दोनऐवजी तीन जोड देणे, किंवा गणवेश रुग्णालयातच बदलून तिथल्याच धोबीघरात धुण्याची सोय करणे, हा चैनीचा नव्हे तर संसर्गनियंत्रणाचा भाग ठरतो. केंद्र सरकारच्या रुग्णालयांतील परिचारिकांना सातव्या वेतन आयोगानंतर दरमहा १,८०० रुपये पोशाख भत्ता ठरला. खाजगी रुग्णालयात गणवेशाचा खर्च कोणी करायचा हे त्या-त्या व्यवस्थापनावर अवलंबून असते, आणि अल्प पगारावरच्या नव्या मुलीला तो जड जातो.

वॉर्डमध्ये स्टाफ नर्स, प्रमुख परिचारिका, विद्यार्थिनी आणि आया यांचे रंग वेगळे ठेवण्याची पद्धत आहे. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या रुग्णाला कन्नड येत नसते, केरळातून आलेल्या सिस्टरला कधी मराठी नीट येत नसते. अशा वेळी दुखणे कोणाला सांगायचे हे रंगावरून कळते. २०२० नंतर करोनाच्या साथीत सर्वांगझाकू पोशाखाने चेहरा व रंग दोन्ही झाकले गेले, तेव्हा जागोजागी छातीवर मार्करने नाव लिहावे लागले. छातीवरील नावाची पट्टी कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही ठेवली आणि नावाखाली ‘परिचारिका’ हे पद ठळक अक्षरांत घातले, तर सीमाभागातील रुग्णाची मोठी सोय होते. शिवाय पट्टी पुसता येण्याजोग्या गुळगुळीत प्लॅस्टिकची असावी, गळ्यात लोंबणारी नसावी, कारण लोंबणारी पट्टी पदराप्रमाणेच खाटाखाटांना स्पर्श करत फिरते.