पिशवी काढायची एवढी घाई कशाला?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फायब्रॉइड, ५ सेंटिमीटर' असं दिसलं, की नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत घरून फोन येतो: "काढून टाक नं पिशवी एकदाची! पोरं झाली, आता काय करते तिचं?"

पाच सेंटिमीटर म्हणजे आपल्या मध्यम आकाराच्या संत्र्याहून लहानच. गर्भाशयाच्या स्नायूचीच ही गाठ, आणि ती कॅन्सरची निघणं फार दुर्मीळ. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर ती पोसली जाते, त्यामुळे पाळी गेल्यावर बहुतेकदा आपोआप आकसते. त्रास नसेल तर अधूनमधून सोनोग्राफी करत थांबणं हाही उपचारच. पाळी गेल्यावर गाठ वाढली किंवा रक्त दिसलं, तर मात्र थांबायचं नाही.

आकारापेक्षा जागा महत्त्वाची. आतल्या अस्तराला खेटलेली दोन सेंटिमीटरची गाठ पाळीत रक्त वाहवून हिमोग्लोबिन सातावर आणू शकते, तर बाहेरच्या अंगाला वाढलेल्या मोठ्या गाठीचा कित्येकींना पत्ताही नसतो. नुसता रक्तस्राव असेल तर ट्रानेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची 'टी' बरंच काम करते. गाठ मात्र राहते. पाळीची हार्मोन्स दाबणारी जीएनआरएचची इंजेक्शनं गाठ लहान करतात, पण घाम, गरम वाफा आणि हाडांची झीज सोबत आणतात. शिवाय ती बंद केली की गाठ पुन्हा वाढते.

चिरफाड न करता थेट गाठीवरच घाव घालणारी पद्धत म्हणजे फोकस्ड अल्ट्रासाऊंड. मे महिन्यात भिंगानं कागद जाळायचा खेळ नागपुरात कोणी केला नाही? भिंग आणि कागद यांच्या मधे हात धरला तर नुसता कोमट लागतो; पेटतो तो फक्त तो एक ठिपका. इथे उन्हाच्या जागी ध्वनिलहरी. पोटाच्या कातडीतून त्या विखरून आत जातात आणि गाठीत एकवटतात. तिथे काही सेकंदांत तापमान साठ अंशांच्या वर जातं आणि तेवढ्या पेशी मरतात. मग पुढचा ठिपका. बाई एमआरआय यंत्रात पालथी पडलेली असते, हातात थांबवायचं बटण. पडद्यावर डॉक्टरांना आतलं तापमान दिसत असतं. काम तीन-चार तासांचं. अमेरिकेत याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. मेलेला भाग शरीर काही महिन्यांत हळूहळू शोषून घेतं. गाठ आकसते, पण पुरती नाहीशी होतेच असं नाही.

सगळ्यांना हे जमत नाही. लहरींच्या वाटेत आतडं आलं तर पंचाईत. सिझेरियनचा व्रण मधे आला तर तिथेच उष्णता साठून कातडी भाजू शकते. गाठी खंडीभर असतील तर किती ठिपके मारणार? अशा वेळी मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून गाठीची रक्तवाहिनी बारीक कणांनी बुजवतात; त्यात टाके नसले तरी सुई टोचावी लागतेच.

म्हणून आधी एमआरआयची फिल्म बघतात. ठरावीक चित्रात काळपट दिसणारी गाठ छान तापते. पांढरीशुभ्र दिसणारी, रक्तानं भरलेली गाठ तापता तापत नाही, कारण वाहतं रक्त दिलेली उष्णता लगेच वाहून नेतं.