नागद्वार यात्रा

मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरांत नागपंचमीच्या आधी सुमारे दहा दिवस चालणारी, नागदेवाच्या गुहांची पायी यात्रा. बोलीत ‘नागद्वारी’ असेही म्हणतात. स्थान नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यात, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे; यात्रेकरू मात्र फार मोठ्या संख्येने विदर्भातले, आणि त्यातही नागपूरचे असतात. यात्रेच्या दिवसांत पचमढीच्या बाजारात मराठी इतकी कानावर पडते, की आपण परराज्यात आहोत हे विसरायला होते.

याचे मूळ नकाशात सापडते. 1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती आणि पुढे उन्हाळी राजधानी पचमढी झाली. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि पचमढी एकाच राज्यात होती. त्याआधी भोसल्यांच्या काळातही हा मुलूख नागपूरशी बांधलेला होता. 1818 मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले पचमढीच्या याच महादेव डोंगरांत गोंड सरदारांच्या आश्रयाला राहिले होते. राज्याची सीमा मध्ये आली, पण लोकांची वाट बदलली नाही. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता आहे. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या पट्ट्यात मराठी घरोघरी बोलली जाते, त्यामुळे भाषा वाटेत हळूहळू बदलते. यात्रेच्या काळात नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून एसटीच्या जादा गाड्या सुटतात. रेल्वेने जाणारे इटारसीमार्गे पिपरियाला उतरतात. तिथून पचमढीचा घाट सुमारे पन्नास किलोमीटरचा आहे.

काळाचा हिशेब नीट समजून घ्यावा लागतो. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त (पौर्णिमेला महिना संपणाऱ्या) पंचांगाप्रमाणे यात्रा सुरू होते तेव्हा श्रावण लागलेला असतो. आपल्या अमान्त (अमावस्येला महिना संपणाऱ्या) पंचांगात तो आषाढाचा वद्य पक्ष असतो. म्हणजे नागपूरचा माणूस जिवतीच्या (आषाढातल्या) अमावस्येआधी निघाला तर आषाढात जातो आणि नागपंचमीला पोचला तर श्रावणात. याच महिन्यांत, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातली सफारी पावसामुळे बंद असते. सफारी बंद आणि यात्रेची वाट खुली, असे हे दहा दिवस असतात. नागपंचमी झाली की ही वाटही बंद होते आणि वर्षभर बंदच राहते.

वाट आणि स्थाने

नागद्वारला कळस, सभामंडप, गाभारा असलेले मोठे देऊळ नाही. पचमढीचे डोंगर वालुकाश्माचे आहेत. पाण्याने हा दगड युगानुयुगे झिजत गेला, त्यात कपारी, घळी आणि गुहा तयार झाल्या, आणि देव त्या गुहांमध्ये आहेत. धूपगडाच्या बाजूला जलगली नावाच्या ठिकाणापर्यंत वाहन जाते. धूपगड सुमारे 1,350 मीटर उंचीचे, सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर. पुढची सारी वाट पायी: भजियागिरी, काजळी, पद्मशेष म्हणजेच नागद्वारची मुख्य गुहा, पश्चिमद्वार, चिंतामण, स्वर्गद्वार, चित्रशाळा माता, नंदीगड. कोणते स्थान आधी आणि कोणते नंतर, हे प्रत्येक जथ्याच्या परंपरेवर ठरते. सगळी स्थाने करायची तर बहुतेकांना दोन दिवस लागतात आणि एक रात्र डोंगरातच काढावी लागते.

चढापेक्षा उतार अवघड आहेत. शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नाही, उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि पुढच्याचे पाय मागच्याच्या डोक्यापाशी येतात. पचमढीला वर्षाला सुमारे 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा याच आठवड्यांत. पावसाची सर आली की घोट्याएवढा नाला बघता बघता कमरेएवढा होतो. अशा वेळी तो उतरेपर्यंत काठावर थांबणे हाच खरा उपाय आहे. पोलीस, होमगार्ड आणि आपत्ती निवारण पथके वाटेवर असतात, पण जाणते लोक काठी, मेणकापड, विजेरी आणि घट्ट पकडीचे बूट यांवरच जास्त भरवसा ठेवतात. अनवाणी चालण्याचा नवस असलेले यांतले बूट सोडून बाकी सारे घेतात.

काजळी या स्थानाची कथा अशी सांगतात: मूल होत नसलेल्या एका बाईने नागदेवाला नवस केला, की मूल झाले तर तुझ्या डोळ्यांत काजळ घालीन. मूल झाले. ती काजळ घेऊन गेली तेव्हा देवाने विराट रूप दाखवले आणि ती भीतीने बेशुद्ध पडली. मग देवच लहान झाला आणि त्याने तिच्या हातून काजळ घालून घेतले. या यात्रेचा स्वभाव या कथेत जितका दिसतो तितका दुसऱ्या कशात दिसत नाही. बोलला तो शब्द पाळायचा, भीती वाटली तरी. आणि देवही माणसाला झेपेल एवढाच होतो. आजही येथे येणाऱ्या नवसांत मूलबाळ आणि घरच्यांचे आरोग्य हेच मागणे मोठे असते. पत्रिकेतला कालसर्प दोष जातो अशी श्रद्धा बाळगूनही अनेक जण येतात.

या डोंगरांवर आदिवासींचा हक्क जुना आहे, आणि यात्रेच्या वर्णनांत तो बहुधा गळतो. महादेव हा गोंड आणि कोरकू यांच्या कथांमधला मोठा देव. कोरकूंच्या उत्पत्तिकथेत महादेव वारुळाच्या तांबड्या मातीतून पहिली माणसे घडवतो. नागपंचमीला वारुळाची पूजा करणाऱ्या मराठी माणसाला ही कथा परकी वाटू नये.

मंडळे आणि भंडारे

नागद्वारला वाटेवरचा मुक्काम आणि जेवण चालते ते विदर्भातल्या सेवा मंडळांच्या जोरावर. यात्रेच्या आधी तांदूळ, कणीक, डाळ, तेल आणि भांडी जलगलीपर्यंत गाडीने येतात आणि तिथून माणसांच्या डोक्यावर डोंगरात जातात. ताडपत्र्यांचे मांडव पडतात, चुली पेटतात. भात, वरण, भाजी, पोळी किंवा पुरी असे साधे जेवण येईल त्याला मिळते. पैसे कोणी मागत नाही. वाढणारे नागपुरात दुकानदार, कारागीर, नोकरदार असतात आणि या दिवसांसाठी वर्षभराच्या सुट्ट्या राखून ठेवतात. वाटेवर अनोळखी माणसालाही ‘भगत’ म्हणून हाक मारतात. वृत्तपत्रांत या यात्रेला ‘मध्य प्रदेशाचे अमरनाथ’ म्हणण्याची पद्धत आहे. ती उपमा सोयीची असली तरी नागद्वारवर अन्याय करते. चिखलात उभे राहून परक्याला गरम भात वाढण्याची ही रीत तिची स्वतःची आहे.

घरी परतल्यावर नवसाप्रमाणे कढई किंवा रोडग्यांचा (कणकेच्या जाड, भाजलेल्या गोळ्यांचा) स्वयंपाक होतो आणि शेजारपाजाऱ्यांना जेवायला बोलावले जाते.

चौरागड आणि साळबर्डी

पचमढीतच महाशिवरात्रीला भरणारी चौरागडची यात्रा वेगळी. विदर्भात तिला ‘मोठ्या महादेवाला जाणे’ म्हणतात आणि जाणाऱ्यांच्या जथ्याला ‘पोहा’. तिथे तेराशेहून अधिक पायऱ्या चढून शिखरावरच्या मंदिरात त्रिशूल वाहतात. काही त्रिशूल इतके जड असतात की अनेकांनी मिळून खांदा द्यावा लागतो. भस्मासुराच्या भीतीने शंकर या डोंगरांत लपले, ही कथा जटाशंकर आणि गुप्त महादेव या जवळच्या गुहांशी जोडलेली आहे. ज्यांना इतक्या दूर जाणे होत नाही ते अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात साळबर्डीच्या ‘छोट्या महादेवा’ला जातात. तिथले भुयार पार पचमढीपर्यंत जाते अशी लोकांची समजूत आहे.

जंगलावरील भार

सातपुडा राष्ट्रीय उद्यान 1981 मध्ये घोषित झाले. पचमढी जीवावरण क्षेत्र 1999 मध्ये झाले आणि 2009 मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात आले. साल आणि सागाचे हे रान वाघ, बिबट्या, अस्वल, गवा आणि शेकरूचे घर आहे. दहा दिवसांत लाखो पाय एकाच अरुंद वाटेवर पडतात तेव्हा उतारांवरची माती सुटते, आणि पाण्याच्या बाटल्या, पत्रावळी, नारळाच्या शेंड्या घळीत साचतात. भंडारा उठल्यावर आपली जागा झाडून कचरा खाली आणणारी मंडळे आहेत. सगळ्याच मंडळांनी हे आपल्या सेवेचा भाग मानायला हवे. वाटेवरच्या चुलींसाठी झाडे तोडणे, मुख्य वाट सोडून जवळचा रस्ता शोधणे आणि गुहांच्या भिंतींवर नावे लिहिणे हे नुकसान भरून येत नाही. वालुकाश्म मऊ असतो आणि त्यावर कोरलेले नाव पुसता येत नाही.