हात वर जाऊ नये म्हणून

एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांचा खेळ, खेळताना डोळ्याला इजा कशी होते असं विचारलं, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फुटलेली लेन्स येते. पण चांगली लेन्स सहसा फुटत नाही. घात होतो तो वेगळ्याच क्षणी. खेळून अर्धा तास झालेला असतो, लेन्सवर आतून वाफ धरलेली असते, नाकाच्या हाडावर काहीतरी रुततंय आणि भुवईवरचा घाम डोळ्यांत उतरतोय. खेळाडू झाडाआड बसतो आणि ‘दोनच सेकंद’ म्हणत मास्क कपाळावर सरकवतो. गोळी त्या दोन सेकंदांतही येऊ शकते. म्हणून मास्कचा आराम मी सुरक्षिततेच्याच खात्यात धरतो. जो मास्क घालून तासभर हात चेहऱ्याकडे जात नाही, तो खरा चांगला मास्क. आणि हात का जातो, याची कारणं शोधायला लागलं की पदार्थविज्ञान आणि शरीरशास्त्र दोन्हींची उजळणी होते.

आधी गोळीकडे पाहू. खेळाडू तिला बीबी म्हणतात. व्यास सहा मिलिमीटर, आणि हलक्या बीबीचं वजन ०.२० ग्रॅम. ती सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली की तिच्यात एक ज्यूल ऊर्जा असते. शंभर ग्रॅमची वस्तू एक मीटर उंचीवरून तळहातावर पडली तर साधारण तेवढीच ऊर्जा हाताला मिळते. त्यात घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. पण इथे ती सगळी ऊर्जा ०.२८ चौरस सेंटिमीटरच्या ठिपक्यावर उतरते, आणि तो ठिपका कुठे पडतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. टेनिसचा चेंडू डोळ्यावर आदळला तर भुवईचं आणि गालाचं हाड बराच मार स्वतःवर घेतात, कारण डोळ्याच्या खोबणीचं तोंड जेमतेम चार सेंटिमीटर रुंद असतं आणि चेंडू त्याहून मोठा असतो. सहा मिलिमीटरची गोळी मात्र हाडाला न शिवता थेट डोळ्यापर्यंत पोचते. तिथे तिच्या वाटेत असतो अर्धा मिलिमीटर जाडीचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचं पुढचं पारदर्शक आवरण. तो खरचटणं हा त्यातल्या त्यात सुटकेचा प्रकार. मार जोराचा असेल तर डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साकळतं, भिंग सरकतं, क्वचित मागच्या पडद्यापर्यंत दुखापत जाते. दातांचं गणितही तसंच. दाताचं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण ठिसूळ आहे. कठीणपणा ओरखड्याला पुरतो, ठोक्याला पुरत नाही. नुसता गॉगल डोळे वाचवतो. पुढचे दात, ओठ आणि नाक वाचवायचे तर पूर्ण चेहरा झाकणारा मास्क हवा.

मास्क मार सोसेल का, हे दिसण्यावरून कळत नाही. त्यावरची खूण वाचावी लागते. युरोपच्या ईएन १६६ या मानकात सहा मिलिमीटर व्यासाची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी लेन्सवर मारतात. ‘एफ’ अक्षर असेल तर गोळीचा वेग सेकंदाला ४५ मीटर, ‘बी’ असेल तर १२० मीटर. ऊर्जेत मांडलं तर ‘एफ’ म्हणजे ०.८७ ज्यूल आणि ‘बी’ म्हणजे ६ ज्यूलच्या थोडं वर. वेग पावणेतीन पटीने वाढला की ऊर्जा सात पटीने वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपली साधी एक ज्यूलची बीबीच ‘एफ’च्या आकड्याबाहेर जाते; दुरून नेम धरणाऱ्यांच्या रायफली तर त्याहून जास्त ऊर्जेच्या असतात. पोलादापेक्षा प्लास्टिक मऊ, हे खरं. तरी घासाघीस कशाला, ‘बी’च घ्यावं. अमेरिकेच्या एएनएसआय झेड८७.१ मानकात पास झालेल्या लेन्सवर ‘झेड८७+’ असं कोरलेलं असतं. त्यातलं अधिकचं चिन्ह महत्त्वाचं, ते आघाताच्या चाचणीचं आहे. खास एअरसॉफ्टसाठी एएसटीएम एफ२८७९ हेही मानक आहे. पेंटबॉलचे मास्कही इथे चालतात. तीन ग्रॅमचा रंगाचा गोळा सेकंदाला ९० मीटरने आदळणार हे धरून ते घडवलेले असतात, आणि त्या गोळ्याची ऊर्जा १२ ज्यूलच्या आसपास जाते.

या लेन्स पॉलिकार्बोनेटच्या असतात. १९५३ साली जर्मनीत हरमन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांना हा पदार्थ एकमेकांना पत्ता नसताना सापडला. त्याचा गुण असा की मार बसला की तो तडकण्याआधी लवतो आणि ऊर्जा पोटात घालतो. पण त्याच्यावर चटकन ओरखडे उठतात, आणि अ‍ॅसिटोन किंवा थिनरने पुसला तर आतून बारीक भेगा धरतो. रानात खेळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: डासांच्या मलमातलं डीईईटी हे रसायन काही प्लास्टिकना मऊ करतं. मलमाचा हात लेन्सला नको.

इथपर्यंत सुरक्षितता झाली. आता हात वर नेणारा पहिला शत्रू, वाफ.

उच्छ्वासातली हवा सुमारे ३४ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ तुडुंब भरलेली असते. त्या तापमानाला एक घनमीटर हवेत ३७ ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. लेन्स २० अंशांवर असेल तर तिला खेटलेली हवा तेवढीच थंड होते आणि तिच्यात १७ ग्रॅमच मावतात. उरलेल्या पाण्याला लेन्सवर बसण्यावाचून गत्यंतर नसतं. ते सपाट थर होऊन बसलं असतं तरी चाललं असतं, आरपार दिसलं असतं. पण प्लास्टिकच्या पृष्ठभागाला पाणी फारसं चिकटत नाही, म्हणून ते आकसून हजारो बारीक थेंब होतं. प्रत्येक थेंब स्वतंत्र भिंगासारखा प्रकाश वाकवतो आणि समोर दुधी पडदा उभा राहतो. अँटी-फॉग लेप वाफ अडवत नाही. तो पृष्ठभाग पाण्याला जवळचा करतो, त्यामुळे थेंबांऐवजी पातळ, पारदर्शक थर पसरतो. हा लेप नाजूक असतो. टी-शर्टच्या टोकाने घसाघसा पुसला की दोन-चार खेळांत तो निघून जातो आणि मग मास्कच्या नावाने बोटं मोडली जातात.

वाफेने भल्याभल्यांना रडवलं आहे. जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ९ए या अंतराळ मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ यानाबाहेर होते. श्रमाने त्यांच्या शिरस्त्राणाची काच आतून इतकी धुरकटली की त्यांनी नाकाच्या शेंड्याने घासून बघण्यापुरती जागा केली. मास्क काढण्याची सोय त्यांना नव्हती. पुढच्या मोहिमांत काचेवर वाफरोधक द्रव लावणं सुरू झालं.

लेपाखेरीज तीन उपाय आहेत आणि तिन्ही वेगळ्या जागी काम करतात. थर्मल लेन्स म्हणजे दोन लेन्सच्या मधे कोंडलेली हवा. स्थिर हवा पॉलिकार्बोनेटच्या कितीतरी पट कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे आतली लेन्स चेहऱ्याच्या उबेजवळ राहते आणि दवबिंदूखाली, म्हणजे वाफेचं पाणी होतं त्या तापमानाखाली, सहसा जात नाही. दुसरा उपाय पंखा: तो दमट हवा बाहेर ढकलतो, फक्त त्याची घरघर कानाशी असते आणि पायरव ऐकून खेळणाऱ्याला ती खुपते. तिसऱ्या उपायाकडे मास्क घेताना कुणी बघतच नाही, तो म्हणजे नाक आणि लेन्स यांच्या मधली फोमची भिंत. ती नाकावर नीट टेकली नाही तर उच्छ्वास थेट लेन्सवर जातो आणि महागडी थर्मल लेन्सही हात टेकते. मास्क घालून जोरात श्वास सोडून पाहा. डोळ्यांवर वारा लागला तर तो मास्क तुमच्या नाकासाठी नाही.

जाळीचा मास्क घेतला की वाफेचा प्रश्नच मिटतो, हे खरं आहे. डोळ्याजवळची तार दिसतही नाही, कारण दोन-तीन सेंटिमीटरवर डोळ्याला नजर स्थिरावता येत नाही आणि तारा विरघळून नुसता फिकट अंधार उरतो. (जाळी काळी असावी, चमकणारी जाळी उन्हात आपणच पांढरी होते.) पण भिंतीवर आपटून फुटलेल्या बीबीचे तुकडे जाळीच्या भोकांतून आत येऊ शकतात. डोळ्यांपुढे अखंड लेन्स आणि तोंडापुढे जाळी, ही जोडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. उच्छ्वासाला खाली मोकळी वाट मिळते आणि डोळ्यांपाशी फट राहत नाही.

दुसरा शत्रू दाब. समजा पट्टा मास्कला चेहऱ्यावर एक किलो वजनाएवढ्या जोराने ओढतो. हा जोर शंभर चौरस सेंटिमीटर फोमवर पसरला तर दाब होतो पाऱ्याच्या साडेसात मिलिमीटरइतका, जाणवतसुद्धा नाही. तोच जोर नाकाचं हाड आणि गालाची दोन टोकं मिळून दहा चौरस सेंटिमीटरवर आला, तर दाब पंचाहत्तर मिलिमीटर. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब तीसेक मिलिमीटरच्या आसपास असतो. बाहेरचा दाब त्याहून फार वाढला की त्या दबतात, तिथलं रक्त अडतं आणि थोड्या वेळाने ठणका सुरू होतो. पट्टा तोच आणि जोरही तोच. टेकण्याची जागा बदलली की मास्क बदलला. म्हणून चेहऱ्याच्या ठेवणीशी न जुळणारा मास्क पट्टा आवळून ‘बसवायला’ जाऊ नये. कपाळावर वा कानशिलांवर सतत दाब राहिला की डोकं दुखतं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागाच आहे: दाब सुरू झाल्यावर तासाभरात उठते आणि दाब काढल्यावर तासाभरात ओसरते.

वजनाच्या बाबतीत ग्रॅम मोजण्यापेक्षा अंतर मोजावं. डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं, पण त्याचा गुरुत्वमध्य मानेच्या वरच्या सांध्यापासून जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे असतो. अर्ध्या किलोचा मास्क मात्र त्याच सांध्यापासून बारा-एक सेंटिमीटर पुढे लटकतो. ढोबळ हिशेब केला तर डोक्याच्या एक नवमांश वजनाचा मास्क मानेच्या स्नायूंवरचा पिळा दोन तृतीयांशाने वाढवतो. दुपारपर्यंत मान का भरून येते, ते यात आलं. तोच मास्क डोळ्यांना खेटून बसणारा असेल तर मानेला हलका वाटतो.

खेटून बसण्याचा आणखी एक लाभ आहे. लेन्सच्या चौकटीची कड डोळ्याच्या बाजूला पाच आणि पुढे दोन सेंटिमीटर असेल तर त्या बाजूला सुमारे ६८ अंशांपर्यंत दिसतं. तीच कड पुढे चार सेंटिमीटरवर गेली की ५१ अंश. बाजूने येणारा गडी या सतरा अंशांतच लपतो. मात्र लेन्स जवळ आली की चष्म्याला जागा उरत नाही. चष्मा लावणाऱ्यांनी खोल मास्क पाहावा किंवा आत नंबरच्या काचा बसवता येणारी चौकट शोधावी. मास्कखाली वाकडा दाबलेला चष्मा नाकाला आणि कानशिलाला दोन्हीकडे छळतो. रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकवून नेम धरणाऱ्यांना कडक जबडा आड येतो, त्यांना खालचा भाग कापडी किंवा मऊ लागतो. तोंडाजवळ मऊपणा थोडा पत्करता येतो, पण दातांसमोर काहीतरी कडक असू द्यावं.

घेण्याआधी मास्क वीस मिनिटं अंगावर वागवून पाहावा. पट्टा दोन बोटं सरकतील इतका सैल, मग दहा जिने चढ-उतार, मान खाली-वर, बंदूक खांद्याला लावून नेम. या वेळात हात आपोआप कुठे जातो ते बघायचं. माझा पहिल्या मास्कला सतत डाव्या कानशिलाकडे जाई. पट्ट्याची पकड तिथेच होती आणि मी महिनाभर दोष उन्हाला देत होतो. वीस मिनिटांनी मास्क काढून लगेच आरशात पाहायचं. कपाळापासून गालापर्यंत एकसारखी फिकट गुलाबी पट्टी उमटली असेल आणि पाच मिनिटांत मावळली, तर बैठक जमली. नाकाच्या मध्यावर एकच लालभडक ठिपका असेल, तर मास्क परत ठेवायचा आणि शेजारचा उचलायचा.