गोरेवाड्याचं जंगल नागपूरचा धूर पचवेल का?

जुलै उजाडला की शहरभर खड्डे खणले जातात, रोपं लागतात. २०१९ साली तर राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. चांगलंच आहे. पण त्यातून एक समज पक्का होत चाललाय: गोरेवाडा आहे, सेमिनरी हिल्स आहे, अंबाझरीची झाडी आहे, म्हणजे नागपूरचा कार्बन नागपुरातच जिरतो. तो जिरत नाही. का, ते कळायला आधी लाकूड कशाचं बनतं ते पाहू.

सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या संशोधकाने मोठ्या कुंडीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सत्तर किलोंहून जास्त वाढलं, माती मात्र पन्नास-साठ ग्रॅमच घटली. लाकूड पाण्यातून आलं, असा त्याने निष्कर्ष काढला. खरं तर वाळलेल्या लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून येतो. सागाचं खरखरीत पान उलटून पाहा. त्याच्या खालच्या बाजूला नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. कार्बन डायऑक्साइड तिथून आत शिरतो आणि रुबिस्को नावाचं प्रथिन त्याला पकडतं. हे प्रथिन विलक्षण मंद आहे, सेकंदाला जेमतेम तीन ते दहा रेणू. शिवाय ते चुकतं. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनचा रेणू धरून बसतं आणि आधी बांधलेला थोडा कार्बन परत हवेत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान चढलं की चुका वाढतात. नागपूरच्या मे महिन्यात तर सागाला पानंच नसतात, म्हणजे काम बंदच.

जे बांधलं जातं त्यातलं साधारण निम्मं झाड स्वतःच्या श्वसनात खर्च करतं. गळलेली पानं वाळवी आणि बुरशी खातात, त्यांचाही कार्बन हवेत जातो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तो एका दुपारीत जातो. उरतं ते खोड, मुळं आणि मातीत मुरलेलं थोडं. (पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो हे मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून येतो आणि त्याला प्रकाश लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो.)

आता हिशेब. वाढत्या कोरड्या पानगळीच्या जंगलाने हेक्टरी वर्षाला पाच टन कार्बन डायऑक्साइड साठवला, असं उदारपणे धरू. गोरेवाड्याचा परिसर सुमारे १,९०० हेक्टर, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार टन. कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राचा ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला सहाशे टनांच्या आसपास सोडतो. गोरेवाड्याची वर्षभराची कमाई सोळा तासांत संपली! ती वीज राज्यभर जाते, म्हणून माणशी धरा: देशाची सरासरी वर्षाला सुमारे दोन टन, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख. ४८ लाख टन जिरवायला साडेनऊ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल लागेल. अख्खा नागपूर जिल्हा ९,९०० चौरस किलोमीटरचाही नाही.

तेही जंगल वाढतं असेपर्यंतच. पूर्ण वाढलेल्या जंगलात येणं-जाणं जवळपास सारखं होतं. कामठी-उमरेडच्या खाणीतला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना. त्याचा कार्बन आजच्या हवेच्या चक्रात नव्हताच, आपण तो नव्याने भरतोय.

म्हणून उभं जंगल तोडून दुसरीकडे रोपं लावणं हा मला सरळ तोटा वाटतो: साठलेला कार्बन लगेच सुटतो, रोपांना तो परत साठवायला दशकं लागतात. आणि छतावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर नागपूरच्या उन्हात वर्षाला चार हजारांच्या आसपास युनिट मिळतात, साडेतीन टनांच्या आसपास धूर वाचतो. पाऊण हेक्टर जंगलाचं वर्षभराचं काम, एका घराच्या छतावर.