स्वगत नव्या तोंडी आले की प्रेक्षकाच्या मनात काय घडते

१८ नोव्हेंबर १९९० रोजी बीबीसीवर ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या चार भागांच्या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. सुरुवातीलाच सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद फ्रान्सिस अर्कर्ट आपल्या टेबलाशी बसलेला दिसतो. त्याच्या हातात मार्गारेट थॅचर यांची चौकटीतली तसबीर आहे. तो कॅमेऱ्याकडे वळतो आणि अगदी हळुवार, घोटीव आवाजात सांगतो की राजवट कितीही दीर्घ आणि झळझळीत असली, तरी ती कधीतरी संपतेच. त्यानंतर चारच दिवसांनी थॅचर यांनी पंतप्रधानपद सोडत असल्याचे खरोखरच जाहीर केले.

१ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सवर याच मालिकेचा अमेरिकी अवतार आला. त्याच्या आरंभी तसबीर नाही आणि टेबलही नाही. रात्रीच्या अंधारात एका गाडीने शेजाऱ्यांच्या कुत्र्याला उडवले आहे. फ्रँक अंडरवुड त्या जखमी प्राण्याजवळ गुडघ्यांवर बसतो, आपल्याकडे पाहत दुःखाचे दोन प्रकार सांगतो, एक माणसाला कणखर करणारे आणि दुसरे निव्वळ निरुपयोगी, आणि बोलता बोलता स्वतःच्या हातांनी त्याचा श्वास कोंडून टाकतो. पहिल्या प्रसंगात इयान रिचर्डसन होते, दुसऱ्यात केविन स्पेसी. विशेष म्हणजे दोघांनीही आधी रंगभूमीवर शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड साकारला होता, आणि प्रेक्षकांना आपल्या कटात सामील करून घेणारा तो राजाच या दोन्ही राजकारण्यांचा खरा पूर्वज आहे.

दोन्ही मालिका पाहिलेल्या लोकांचे बोलणे ऐकले, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. कथानक बदलले, पात्रांची नावे बदलली, लंडनचे वॉशिंग्टन झाले, या गोष्टी बहुतेक जण समजुतीने घेतात. स्वगतांचा विषय निघाला की मात्र आवाज चढतो. कोणाला रिचर्डसनची मिस्कील सभ्यता आठवते आणि तिच्यापुढे अंडरवुड भडक वाटतो. कोणाला अंडरवुडच्या दक्षिण कॅरोलिनी हेलातली दमदार धमकी आवडलेली असते आणि तिच्यापुढे अर्कर्ट मवाळ वाटतो. या प्रतिक्रियेला हट्ट किंवा गतकाळाचा उमाळा म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांतले काही प्रयोग एकत्र ठेवून पाहिले, तर असे दिसते की कॅमेऱ्याकडे पाहून बोललेले स्वगत प्रेक्षकाच्या मनात इतर संवादांपेक्षा वेगळ्या जागी जाऊन बसते, आणि म्हणूनच ते नव्या तोंडी आले की प्रेक्षक इतका हलतो.

या वेगळेपणाचे पहिले कारण नजर हे आहे. समोरच्याची नजर आपल्यावर रोखलेली आहे की नाही, हे ओळखण्याची क्षमता माणसात फार लवकर दिसून येते. जन्मून अवघे दोन ते पाच दिवस झालेल्या अर्भकांना दोन चेहरे दाखवले, एक थेट पाहणारा आणि एक नजर वळवलेला, तर ती थेट पाहणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहतात, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. पडद्यावरची नजर खरी नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते, पण त्या ठाऊक असण्याने ही जुनी यंत्रणा बंद पडत नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ सालीच, दूरचित्रवाणी अजून नवी असताना, हे हेरले होते. निवेदक किंवा कलाकार प्रेक्षकाशी समोरासमोर बोलल्यासारखा वागतो, प्रेक्षकही मनातल्या मनात त्याला प्रतिसाद देतो, आणि यातून एकतर्फी असूनही खऱ्या ओळखीसारखे वाटणारे नाते तयार होते, असे त्यांचे म्हणणे होते. या नात्याला त्यांनी दिलेले नाव मराठीत परासामाजिक संबंध असे लिहिता येईल.

या कल्पनेची एक देखणी परीक्षा १९९२ साली फिलिप ऑटर या संशोधकाने घेतली. त्यासाठी त्याने पन्नाशीच्या दशकातली जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांची अमेरिकी विनोदी मालिका निवडली. या मालिकेत बर्न्स गोष्ट मध्येच थांबवून कॅमेऱ्याकडे वळत असे आणि घरात काय चालले आहे ते प्रेक्षकांना सांगत असे. ऑटरने एका गटाला भाग जसाच्या तसा दाखवला आणि दुसऱ्या गटाला त्यातले हे थेट बोलणे कापून दाखवला. ज्यांनी बर्न्सला आपल्याशी बोलताना पाहिले, त्यांच्यात त्याच्याशी नाते जुळल्याची भावना अधिक आढळली. कलाकार आणि मालिका तीच होती. फरक होता तो फक्त नजर आणि संबोधन यांचा. पुढे २०११ साली टिलो हार्टमान आणि शार्लोट गोल्डहूर्न यांनी निवेदिकेच्या चित्रफिती वापरून असेच दाखवले की शरीर प्रेक्षकाकडे वळलेले असणे आणि शब्दही त्यालाच उद्देशून असणे, या दोन्हींमुळे ही भावना वाढते.

अर्कर्टकडे परत येऊ. तो प्रेक्षकाला जे सांगतो ते मालिकेतल्या दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. संसदेतले सहकारी, पत्रकार, स्वतः पंतप्रधान या सर्वांशी तो खोटे बोलतो, खरे फक्त आपल्याशी. अशा माणसाशी जुळलेले नाते साध्या ओळखीपेक्षा गुंतागुंतीचे असते, कारण त्यात गुपिताची भागीदारी असते आणि थोडी अपराधाचीही. दुसऱ्या मालिकेत दुसरा माणूस त्याच जागी येऊन बसतो आणि तशीच भागीदारी मागतो. अशा वेळी प्रेक्षक दोन अभिनयांची तुलना करत असतो, असे आपण म्हणतो. माझ्या मते तो दोन नात्यांची तुलना करत असतो, आणि म्हणूनच त्याच्या बोलण्यात कलासमीक्षेपेक्षा निष्ठेचा सूर अधिक लागतो.

दुसरे कारण स्मृतीचे आहे, आणि मला स्वतःला ते अधिक महत्त्वाचे वाटते. वाक्य ऐकल्यावर आपण त्याचा अर्थ तेवढा ठेवतो आणि आवाज विसरून जातो, अशी समजूत बराच काळ होती. इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली ती तपासली. श्रोत्यांना एकामागून एक शब्द ऐकवले गेले आणि प्रत्येक शब्द आधी येऊन गेला आहे की नवा आहे हे त्यांनी सांगायचे होते. कधी शब्द पुन्हा त्याच आवाजात येई, कधी दुसऱ्या. आवाज तोच असेल तर ओळख अधिक अचूक ठरली, आणि वीस वेगवेगळे आवाज मिसळले तरी हा फायदा टिकून राहिला. कोणाच्या आवाजात ऐकले होते ते लक्षात ठेवा, असे श्रोत्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आवाज शब्दाला आपोआप चिकटून स्मृतीत गेला होता.

लयीचेही तसेच आहे. डॅनिअल लेव्हिटिन आणि पेरी कुक यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आवडीची लोकप्रिय गाणी आठवणीतून म्हणायला सांगितली. त्या गायनांपैकी ७२ टक्के गायनांची लय मूळ ध्वनिमुद्रणाच्या ८ टक्के अलीकडे-पलीकडे होती. सामान्य माणसाच्या स्मृतीत लय किती नेमकी साठवलेली असते, याचा हा पुरावा आहे. स्वगत हे गाणे नव्हे, पण वारंवार ऐकलेल्या स्वगतातही नटाचा विराम, श्वास आणि शेवटच्या शब्दावरचा दाब या गोष्टी श्रोत्याला पाठ होतात, हे कोणत्याही नाट्यवेड्या घरात पाहता येते.

आता मेंदू या साठवणीचा उपयोग कसा करतो ते पाहू. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड यांनी डोक्याला विद्युदग्रे लावून लोकांना वाक्ये वाचायला दिली. पावाला लोण्याऐवजी मोजे फासले, अशा अर्थाचा अनपेक्षित शब्द शेवटी आला की साधारण ४०० मिलिसेकंदांच्या सुमारास मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठळक ऋण लहर उमटे. पुढच्या संशोधनातून कळले की शब्द जितका अनपेक्षित, तितकी ही लहर मोठी. म्हणजे वाक्य संपण्याची वाट न पाहता मेंदू पुढचा अंदाज बांधत असतो आणि त्या अंदाजाशी प्रत्येक शब्द ताडून पाहत असतो. २००८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यात बोलणाऱ्याची भर घातली. रोज रात्री झोपण्यापूर्वी मी थोडी वाइन घेते, हे वाक्य प्रौढ आवाजात आले तर काही खटकत नाही. तेच लहान मुलाच्या आवाजात आले की खटकल्याची खूण मेंदूत दोनशे ते तीनशे मिलिसेकंदांतच दिसू लागते. कोण बोलत आहे आणि काय बोलले जात आहे, या दोन गोष्टी मेंदू एकदमच जुळवून पाहतो.

हे प्रयोग सुट्या शब्दांवर आणि लहान वाक्यांवर झालेले आहेत; त्यांच्यावरून स्वगताविषयी काढलेला पुढचा निष्कर्ष माझा आहे. पाठ झालेले स्वगत दुसऱ्या नटाकडून ऐकताना श्रोत्याचा मेंदू शब्दाशब्दाला जुन्या आवाजाचा अंदाज बांधत असणार, आणि नवा आवाज त्या अंदाजाला शब्दाशब्दाला धक्का देत असणार. त्यामुळे शब्द तेच ठेवून फक्त बोलणारा बदलणे हे पुनर्निर्मितीतले सर्वांत अवघड काम ठरते.

मराठी प्रेक्षकाने हा अनुभव भरपूर घेतलेला आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये १९७० साली गणपतराव बेलवलकर पहिल्यांदा उभे राहिले ते डॉ. श्रीराम लागूंच्या रूपाने. नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली, आणि २०१६ साली चित्रपटातून नाना पाटेकरांनी. जगावे की मरावे या प्रश्नाचे ते स्वगत मुळात हॅम्लेटच्या स्वगतातून उगवलेले, म्हणजे तेही एक पुनर्निर्माणच. तरीही ज्यांनी लागूंचा प्रयोग पाहिला त्यांच्या कानात ते शब्द लागूंच्याच आवाजात आहेत, आणि ज्यांची पहिली भेट चित्रपटातून झाली त्यांच्या कानात नानांच्या. दोघेही आपापल्या स्मृतीशी प्रामाणिक आहेत, हे एकदा समजले की या दोन पिढ्यांमधला वाद बराच सौम्य होतो.

जे आधी आणि वारंवार ऐकले ते आवडते, यामागे आणखी एक जुना नियम काम करतो. रॉबर्ट झायोन्स याने १९६८ साली लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे आणि अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे कमी-अधिक वेळा दाखवली. जी गोष्ट जास्त वेळा समोर आली ती लोकांना जास्त आवडली, तिच्यात आवडण्यासारखे दुसरे काही नसतानाही. नंतरच्या २०० हून अधिक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणात हा परिणाम खरा ठरला, मात्र ओळख एका मर्यादेपलीकडे गेली की कंटाळा डोकावू लागतो, हेही दिसले. पुनर्निर्मितीला जागा मिळते ती बहुधा याच फटीतून.

अमेरिकी निर्मात्यांनी ती जागा नेमकी हेरली असे मला वाटते. त्यांनी कॅमेऱ्याकडे वळण्याची युक्ती ठेवली आणि पहिल्या स्वगतातले शब्द, वस्तू, प्रसंग हे सारे बदलले. जुना अंदाज लावायला धागाच नसल्यामुळे मूळ मालिका पाहिलेला प्रेक्षकही ते दृश्य नवे म्हणून पाहतो. एक वाक्य मात्र त्यांनी जाणूनबुजून राखले. पत्रकार मुलीने नेमका प्रश्न विचारला की अर्कर्ट म्हणत असे, तुम्हाला तसे वाटू शकते, मी मात्र त्यावर भाष्य करू शकत नाही. अंडरवुडच्या तोंडीही हे वाक्य येते. ज्याने १९९०ची मालिका पाहिलेली नाही, त्याला ते एका धूर्त माणसाचे सावध उत्तर वाटते. ज्याने पाहिली आहे, त्याला त्यात जुनी खूण पटते. एकाच सोफ्यावर बसलेली ही दोन माणसे खरोखरच दोन वेगळी वाक्ये ऐकत असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन गटांना एकच लघुकथा ऐकवली गेली. आधी एका गटाला सांगितले होते की गोष्टीतली बायको नवऱ्याशी प्रतारणा करते आहे, दुसऱ्याला सांगितले होते की नवराच संशयी आहे. कथेचा शब्दन्‌शब्द तोच असूनही अर्थ लावणाऱ्या भागांतली मेंदूची हालचाल एकाच गटातल्या लोकांत सारखी आणि दोन गटांत वेगळी आढळली.

या साऱ्यात मला सर्वांत धाडसी वाटते ती अमेरिकी मालिकेच्या पाचव्या पर्वातली, २०१७ सालची एक जागा. चार पर्वे आपल्याशी फक्त फ्रँक बोलत आला आहे. त्याची पत्नी क्लेअर, म्हणजे रॉबिन राइट, कथेत सतत आहे, पण चौथ्या पर्वाच्या अगदी शेवटी फ्रँकच्या शेजारी बसून आपल्याकडे टाकलेली एक नजर सोडली, तर तिने कधी आपल्याशी बोललेले नाही. आणि मग एका प्रसंगात ती अचानक कॅमेऱ्याकडे वळते आणि सांगते की तुम्ही तिथे आहात हे मला नेहमीच ठाऊक होते, फक्त तुमच्या हेतूंविषयी मला शंका आहे. इथे नट बदलला, आवाज बदलला, आणि फ्रँकने प्रेक्षकाला दिलेली भागीदाराची जागाही बदलली: इतके दिवस फ्रँकचा साथीदार असलेला प्रेक्षक एकदम संशयित झाला. जुन्या स्वगताशी तुलना करायला इथे वाव उरत नाही, कारण ही बाई फ्रँकसारखे नाते मागतच नाही. सहाव्या पर्वात, २०१८ साली, फ्रँक पडद्यावर नव्हता आणि कॅमेऱ्याशी बोलण्याचे काम मुख्यतः क्लेअरकडे आले, तेव्हा प्रेक्षकाला नव्या व्यक्तीशी नाते जोडावे लागले नाही. ते वर्षभर आधी, एका अविश्वासाच्या नजरेतून, जुळलेले होते.